लाल पेन्सिलीची रेघ

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. दुकानात येणाऱ्या दहा गिऱ्हाइकांपैकी चौघांवर मी ओरडतो आणि त्या चौघांपैकी तिघांनी शिकारीची सुरी म्यानातच ठेवून दिलेली असते. कातडी म्यान ही सुरी कमरेला लावून हिंडायची सोय आहे, तिला झोपवायची गादी नव्हे. कातडं कमावताना त्यात जे काही मुरवतात ते आणि हवेतला ओलावा, दोघं मिळून आतल्या आत पोलाद खात बसतात. गेली तीस वर्षं मी हे घसा फोडून सांगतोय. लोक मात्र मायेनं सुरी पुसतात, मायेनं म्यानात घालतात आणि मायेनंच तिचं वाटोळं करतात.

त्या सोमवारी सकाळी ज्या बाई आल्या, त्यांच्या घरीही तेच झालं होतं. बाई पस्तिशीच्या, उंच, दोन्ही हातांवर जुने ओरखडे. गुरांची डॉक्टर आहे म्हणाल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक काळपट म्यान त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं.

"काका, ही बाहेरच येत नाहीये."

"किती वर्षं आत आहे?"

"बाबा गेले तेव्हापासून. बारा."

ओरडायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आईनं ठेवली होती. येता जाता हात फिरवायची म्यानावरून. ती पण गेली मागच्या वर्षी." मी तोंड मिटून घेतलं आणि दिवा जवळ ओढला.

डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. वडिलांच्या जोडीनं आयुष्यभर शिकारीला जाणारे एक काका होते, ते आता सत्तरीत होते. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी रानडुकरांच्या शिकारीचा हंगाम सुरू होणार होता, डॉक्टरांनी या वर्षी पहिल्यांदाच परवाना काढला होता आणि त्या काकांबरोबर जायचं ठरवलं होतं. वडिलांचीच सुरी कमरेला हवी होती.

"काचेच्या कपाटात ठेवायची नाहीये मला. वापरायचीय. होईल का?"

या एका वाक्यावर बाई मला आवडल्या. चांगल्यातली चांगली सुरी विकत घेऊन ती मखमलीवर आडवी करून ठेवणारे लोक माझ्या डोक्यात जातात. होईल, असं म्हणत मी मुठीवरची धूळ अंगठ्यानं पुसली आणि माझा अंगठा तिथंच थांबला.

मूठ हरणाच्या गळून पडलेल्या शिंगाची होती. शिंगाचा खडबडीतपणा तळव्याच्या बाजूला जसाच्या तसा ठेवलेला, बोटांच्या बाजूला मात्र उतरवत उतरवत गुळगुळीत केलेला. अशी मूठ एकच माणूस करायचा. मुठीच्या मागच्या पितळी टोपीवर गव्हाच्या दाण्याएवढा शिक्का होता, गव्हाच्या दाण्याचाच. त्याखाली आकडा होता एकोणसत्तर. मी तो आकडा दोनदा वाचला.

"काय झालं काका?"

"काही नाही. गुरुवारी संध्याकाळी, नाहीतर शुक्रवारी या."

गव्हाचा दाणा हा माझ्या सासऱ्यांचा शिक्का. त्यांना मी मामा म्हणतो. आज ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, दुकानाच्या वरच्या खोलीत असतात, डोळ्यांना कमी दिसतं आणि हात थरथरतात. पण चाळीस वर्षं त्यांनी याच जागेत बसून शिकारीच्या सुऱ्या घडवल्या. सगळ्या मिळून दोनशे अकरा. कुणी म्हणेल चाळीस वर्षांत एवढ्याच? तर हो, एवढ्याच. त्यातल्या ज्या ज्या माझ्या हाताखालून परत गेल्या, त्यातली एक जरी मला स्वतःला घडवता आली असती, तर मी पागोटं बांधून गावभर मिरवलो असतो.

मामांची कामाची पद्धत ठरलेली होती. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला खाकी कागदावर हात ठेवायला सांगायचे. हाताच्या कडेनं पेन्सिल फिरवायची. मग तो काय शिकार करतो, डावखुरा आहे का, बोटं आखडतात का, असले शंभर प्रश्न विचारून त्या हातातच सुरीचं चित्र काढायचं. सुरी पूर्ण झाली की ती त्या चित्रावर ठेवायची आणि पेन्सिलीची रेघ कुठंही दिसता कामा नये. केसभर रेघ दिसली तरी सुरी पुन्हा टेबलावर.

कधी काही चुकलं आणि सुरी चित्राप्रमाणं झाली नाही, तर त्याचाही नियम होता. ज्याच्या हातून झालं, त्यानं लाल पेन्सिलीनं त्याच कागदावर नवी रेघ मारायची, काय झालं ते एका ओळीत लिहायचं आणि खाली सही करायची. मामांचे स्वतःचे असे पाच कागद आहेत. एकावर लिहिलंय, "मूठ बारीक झाली. लक्ष दुसरीकडे होतं. चूक माझी." कागद सगळे पत्र्याच्या पेटीत, आकड्याप्रमाणं लावलेले.

एकोणसत्तराचा कागद लाल व्हायला हवा होता. तो माझ्या हातून व्हायला हवा होता. ते मी केलं नव्हतं, ही गोष्ट एकतीस वर्षं मला सोडून कुणालाच माहीत नव्हती. निदान माझी तरी तशी समजूत होती.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. लग्नाला वर्ष झालं होतं आणि मी सासऱ्यांच्याच घरी राहून त्यांच्याच हाताखाली काम शिकत होतो. थोडक्यात, घरजावई. मित्र म्हणायचे, यानं पोरीशी नाही, भट्टीशी लग्न लावलंय. त्यामुळं आपण कुणीतरी आहोत हे दाखवायची मला भारी घाई. एके दिवशी मामा बाहेर गेले होते. एकोणसत्तर नंबर जवळजवळ तयार होती. "मुठीला तेवढं तेल लाव, पात्याला हात लावू नकोस," असं सांगून गेले होते. मी पात्याला हात लावला.

म्हटलं, येईपर्यंत शेवटची चकाकी आपणच आणू, म्हातारा खूश होईल. म्हातारा म्हणजे तेव्हा त्रेपन्न वर्षांचा. पट्ट्याच्या ग्राइंडरवर पातं धरलं. पातं टोकाला सगळ्यात पातळ असतं आणि पट्टा घासताना जी आग होते ती सगळी टोकात जाऊन बसते. म्हणून तिथं क्षणभर टेकवायचं, उचलायचं, पाण्यात बुडवायचं, पुन्हा टेकवायचं. मी दोन क्षण जास्त धरलं. पोलाद आधी गवतासारखं पिवळं झालं, मग तपकिरी, मग जांभळं, आणि मी हात मागं घेईपर्यंत टोकाला नखाएवढा निळा डाग.

निळा झाला म्हणजे पाणी उतरलं. भट्टीतून काढून तेलात बुडवून पात्याला जो कडकपणा येतो त्याला आम्ही पाणी म्हणतो. ते उतरलं की तेवढा भाग नुसतं मऊ लोखंड. दिसायला तसंच चकचकीत, पण कामाच्या वेळी धार मुडपते. मी इकडेतिकडे पाहिलं. बायको आत होती. सगळ्यात बारीक पॉलिश पेपर घेतला आणि तो निळा डाग पुसून टाकला. पाच मिनिटांत टोक पुन्हा चांदीसारखं. सुरी होती तिथं ठेवली आणि मूग गिळून बसलो.

मामा आले, त्यांनी सुरी पाहिली, काही बोलले नाहीत. मग दोन दिवस ती त्यांच्याच टेबलावर होती. मला त्यांनी बाजारात कोळसा आणायला, कातडं आणायला, उगाच कशाकशाला पाठवलं. तिसऱ्या दिवशी सुरी कापडात गुंडाळून ते स्वतः बसनं गिऱ्हाइकाकडे गेले. एरवी गिऱ्हाईक यायचं, मामा कुणाच्या दारात जायचे नाहीत. संध्याकाळी परत आले, पाय धुतले आणि मला म्हणाले, "उद्यापासून सगळी टोकं तू काढायची."

मला वाटलं, सुटलो. वर बढती मिळाली! दोन दिवस तर मी हवेत होतो. मग हळूहळू त्या टोकानं माझा पिच्छा धरला. पुढं मी एकशे चाळीसच्या वर टोकं काढली, एकही जळू दिलं नाही. पण प्रत्येक वेळी वाटायचं, ते एक टोक कुठंतरी जंगलात आहे. कधीतरी ते मुडपणार, गिऱ्हाईक सुरी टेबलावर आपटणार आणि म्हणणार, हाच का तुमचा दाणा? गिऱ्हाईक आलं नाही. एकतीस वर्षांनी त्याची मुलगी आली.

आता तुम्हीच सांगा. ही बाई बारा दिवसांनी ती सुरी घेऊन जंगलात जाणार. टोक दगा देणार. नाव जाणार मामांचं. ते वाचवायचं तर मला आधीच सांगायला लागणार की टोक मऊ आहे, आणि मऊ का आहे हे सांगितल्याशिवाय ते सांगता येणार नाही.

तरी काम सुरू केलं. काम सुरू केलं की माझं डोकं शांत होतं.

अडकलेली सुरी म्यानातून ओढायची नसते, गंजाच्या कडा पात्याला ओरबाडतात. मी म्यानाची शिवण टाका टाका उसवली आणि कातडं पुस्तकासारखं उघडलं. आत पातं तपकिरी, ठिकठिकाणी काळ्या चट्ट्यांनी भरलेलं. अशा पात्याला काही जण सरळ ग्राइंडरवर धरतात. चट्टे जातात, त्याबरोबर घडवणाऱ्याच्या हाताची खूणही जाते, आणि उरते ती कुणाचीही सुरी. मी तेल सोडलं, एक दिवस तसंच ठेवलं आणि मग तांब्याच्या नाण्याच्या कडेनं गंज खरवडायला बसलो. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळं गंज निघतो पण पात्याला ओरखडा येत नाही.

दोन दिवस लागले. पण जसजसा गंज निघत गेला, तसतसा मी माझी भीती विसरत गेलो. काय काम केलं होतं या माणसानं! पाठीचा जाडपणा मुठीपासून टोकापर्यंत असा उतरवत नेलेला की बोट फिरवलं तरी कुठं कमी झालं ते कळू नये. हे मशीनवर नव्हे, कानशीनं केलेलं. तर्जनी जिथं टेकते तिथली पाठीची कड किंचित गोल मारलेली, म्हणजे तासभर कातडं सोलत बसलं तरी बोटाला वळ उठणार नाही. बाकीची पाठ मात्र काटकोनात धारदार, हाडावरून खरवडायला. आणि हे सगळं अशा बेतानं की नुसतं पाहणाऱ्याला काहीच केलेलं दिसू नये. मी स्वतः हे काम करतो म्हणून सांगतो, दिसणारं सुंदर काम करणं त्यामानानं सोपं आहे.

बारा वर्षांच्या गंजानं पातं खाल्लं होतं, पण वरवर. धारेपासून दूर पाचसहा बारीक खड्डे राहिले, ते मी तसेच ठेवले. शिंग सुकून पितळेपासून किंचित सुटलं होतं. तिथं डिंक भरला, जवसाचं तेल चोळलं, मेण लावलं.

बुधवारी बायको चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"अहो, ही बाबांची."

"हं."

"हातात घेऊ?" कप खाली ठेवून, हात पदराला पुसून तिनं सुरी घेतली. तिला पेलली नाही, मूठ मोठ्या पंजासाठी होती, पण सोडवेना. "बाबांना दाखवते वर नेऊन."

"नको! होऊ दे आधी पूर्ण."

"ओरडता कशाला? किती वर्षांनी येतेय घरी. दोनशे अकरांतली एकसुद्धा तक्रार घेऊन आली नाही हो परत." हे ती सगळ्यांना सांगते, पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, फोनवर मावशीला. मी चहात डोकं घातलं.

गुरुवारी धार लावायला घेतली. तीन दगड, जाड, मध्यम, बारीक. मुठीकडून सुरुवात करून पात्याच्या पोटापर्यंत, म्हणजे धारेच्या फुगीर भागापर्यंत आलो आणि टोक तेवढं सोडून चहा प्यायलो. मग पुन्हा पोटावरूनच दगड फिरवला. शेवटी मलाच माझी लाज वाटली. पितळेची सळई काढली.

ही परीक्षा मामांनीच शिकवलेली. धार पितळेच्या सळईवर हलकी दाबायची. उजेडात पाहिलं तर धार किंचित वाकताना दिसते. हात काढला की सरळ झाली तर पाणी बरोबर आहे. वाकलेलीच राहिली तर मऊ, तुकडा उडाला तर फार कडक. पोट दाबलं. वाकलं, सरळ झालं. पुढं सरकलो. वाकलं, सरळ झालं. टोकाशी आलो आणि दाबलं.

वाकलं, सरळ झालं.

पुन्हा दाबलं. तेच. कानस काढून टोकाला पाठीकडून अलगद लावली. मऊ असतं तर कानस रुतली असती. ती काचेवरून घसरावी तशी घसरली. जीव भांड्यात पडला. मी खुर्चीत बसलो आणि मोठ्यानं हसलो. एकतीस वर्षं उगाच! माझा निळा डाग वरवरचाच होता म्हणायचा.

हसू दोन मिनिटं टिकलं. मी काय दूधखुळा नव्हतो. तो निळा मी डोळ्यांनी पाहिला होता आणि पोलाद कधी आपोआप बरं होत नाही. मी उठलो, पत्र्याची पेटी उघडली आणि एकोणसत्तराचा कागद काढला.

डॉक्टरांच्या वडिलांचा भलामोठा पंजा, त्यात सुरीचं चित्र. मी सुरी चित्रावर ठेवली. मुठीची रेघ नाहीशी झाली. पोटाची नाहीशी झाली. टोकाच्या पुढं मात्र पेन्सिलीची रेघ तशीच बाहेर राहिली. मोजली, सहा मिलिमीटर. पाठीचीही रेघ दिसत होती, पार अर्ध्या पात्यापासून पुढं.

मामांनी ते जळलेलं टोक कापून टाकलं होतं. आणि नुसतं कापलं असतं तर सुरी थोटी दिसली असती, म्हणून अर्ध्या पात्यापासून पाठ नव्यानं उतरवत आणली होती. कडक झालेल्या पोलादावर, दगडानं, पाणी मारत मारत, दोन दिवस. मी कोळसा आणायला गेलो होतो तेव्हा. इतकं बेमालूम की ती चार दिवस माझ्या हातात होती आणि मला कळलं नाही. माझ्यासारख्या माणसाला, ज्यानं हयात टोकं काढण्यात घालवली!

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत असून चौथ्याच दिवसापासून सगळी टोकं माझ्या हाती दिली होती. आणि मी मूर्ख त्याला बढती समजलो होतो. माझे डोळे भरून आले, ते मी कुणी नव्हतं म्हणून भरू दिले.

एक गोष्ट मात्र कळेना. कागदावर लाल रेघ नव्हती. सुरी बदलली आणि कागद तसाच, असं मामांच्या हातून होणं शक्यच नव्हतं. मुठीची जाडी दोन केसांनी चुकली तर सही ठोकणारा माणूस हा.

खरं तर तेव्हाच वर जायला हवं होतं. मी तीनदा जिना चढलो. एकदा त्यांना चहा हवा का विचारून आलो, एकदा खिडकी लावून आलो आणि एकदा ते झोपले होते. निदान झोपले आहेत असं मी ठरवलं. एवढी गिऱ्हाइकांवर डाफरणारी जीभ, जिन्याच्या वरच्या पायरीवर पोचली की टाळूला चिकटायची.

शुक्रवारी डॉक्टर आल्या. मी त्यांना नवीन शिवलेलं म्यान दिलं, सुरी तेलाच्या फडक्यात गुंडाळून वेगळी दिली आणि म्यानाबद्दलचं भाषण व्याजासकट ऐकवलं. त्यांनी सुरी लगेच हातात घेतली. पंजा वडिलांसारखाच मोठा, मूठ बरोबर बसली. मी त्या टोकाबद्दल एक अक्षर काढलं नाही.

हंगाम सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी दुपारी, त्या पुन्हा दारात. मामा तेव्हा खालीच होते. दुपारी ऊन दारात येतं म्हणून ते भिंतीला धरून जिना उतरतात आणि चहाचा कप घेऊन खुर्चीत बसतात. बायको शेजारी मटार सोलत होती. मी ग्राइंडर बंद केला.

"काका, घाबरू नका, तक्रार नाही." डॉक्टर हसत होत्या. त्यांनी फडकं सोडून सुरी टेबलावर ठेवली. पुसलेली, तेल लावलेली, म्यान वेगळं. "एक आख्खं रानडुक्कर. कातडं उतरवलं, सांधे सोडवले, सगळं हिनं. मध्ये एकदाही दगडावर लावली नाही. ऑपरेशनची हत्यारं वापरते मी, पण असं काही हातात धरलं नव्हतं. बोट जिथं जाईल तिथं ती आधीच पोचलेली."

"पोट उघडताना?" खुर्चीतून मामांनी विचारलं.

डॉक्टर वळल्या. हे कोण ते मी सांगितलं. त्या पुढं झाल्या आणि वाकून त्यांच्या पाया पडायलाच लागल्या, मामांनी हातानंच नको म्हटलं. "पोट उघडताना कुठं टोचली का?"

"नाही आजोबा. टोक जरा आखूड आणि खाली उतरलेलं आहे ना, आतड्याला लागतच नाही. त्याचीच तर गंमत कळली मला तिथं. बाबांचे मित्र म्हणाले, 'या टोकाची गोष्ट तुला बापानं सांगितली नाही का?' म्हणाले, सुरी द्यायला तुम्ही स्वतः बसनं आला होतात. अंगणात उभे राहिलात, आत यायला तयार नाही. म्हणालात, 'आधी ऐका, मग पाणी विचारा. माझ्या हातून टोक जळलं. सहा मिलिमीटर कापलंय. पसंत नसेल तर ही मोडतो आणि दुसरी करून देतो.' बाबांनी दुसरी घेतली नाही. बाबा शिकारीला जाताना दरवर्षी मित्रांना सांगायचे म्हणे, एवढा मोठा कारागीर, पण स्वतःची चूक सांगायला दहा कोस आला."

बायकोच्या हातातली शेंग तशीच राहिली. "बाबा? तुमच्या हातून टोक जळलं?"

 मामा कप दोन्ही हातांनी धरून चहावर फुंकर घालत राहिले.  तिच्या चेहऱ्याकडं मला बघवेना. दोनशे अकरांतली एकसुद्धा, असं जगाला सांगत फिरणारी माझी बायको, आणि तिचा बाप परक्याच्या अंगणात माझी चूक आपल्या नावावर सांगून आला होता. वर्षानुवर्षं शिकारी माणसं जंगलात शेकोटीशी बसून मामांच्या चुकीची गोष्ट सांगत होती.

"मी जाळलं," मी म्हणालो.

"काय?"

"ते टोक मी जाळलं. मामा घरी नव्हते. पात्याला हात लावू नको सांगून गेले होते, मी लावला. निळं झालं ते पेपरनं पुसलं आणि सांगितलं नाही. त्यांनाही नाही, तुलाही नाही. कुणालाच नाही." डॉक्टरांकडं वळून म्हणालो, "तुमच्या काकांना सांगा. गोष्ट सांगतील तर नीट सांगा म्हणावं. टोक जावयानं जाळलं, सासऱ्यानं वाचवलं."

 मग मामांनी कप खाली ठेवला.

"कागद आण," ते म्हणाले.

मी पेटीतून एकोणसत्तराचा कागद आणून टेबलावर पसरला. डॉक्टरांनी वडिलांच्या पंजाची रेघ पाहिली आणि नकळत आपला हात तिच्यावर ठेवला, मग पटकन काढून घेतला.

"लाल पेन्सिल?"

"ती पेटीतच आहे. पण मामा, तुम्ही तेव्हाच का नाही मारलीत रेघ? सुरी तुम्ही बदललीत."

"मी कशी मारू?" मामा माझ्यावर खेकसले. चौऱ्याऐंशीव्या वर्षी! "माझ्या हातून कुठं जळलं होतं?"

"अंगणात तर सांगितलंत की..."

"गिऱ्हाइकाला माझा शिक्का दिसतो. त्याला माझंच नाव सांगायचं. कागद आपल्या घरातला आहे. घरातल्या कागदावर खोटं लिहू होय?"

"मग एकतीस वर्षं वाट बघत बसलात?"

"बसलो कुठं? मधली दहाएक वर्षं विसरूनच गेलो होतो." त्यांनी खुर्ची पुढं ओढायला सांगितली. "मार आता. हळू. पेन्सिल आडवी धरू नकोस."

सत्तावन्नाव्या वर्षी मी शिकाऊ पोरासारखी पेन्सिल उभी धरली. सुरी चित्रावर ठेवून तिच्या टोकाच्या कडेनं मी लाल रेघ मारली, अर्ध्या पात्यापासून पुढं, काळ्या रेघेच्या आत सहा मिलिमीटर. खाली लिहिलं, "टोक माझ्या हातून जळलं. सांगितलं नाही. मामांनी दुरुस्त केलं." सही केली. तारीख घालताना अडलो, तर बायको मागून म्हणाली, "आजचीच घाला." तिचा आवाज ओला होता, पण माझ्या खांद्यावर तिनं हात ठेवला होता.

मामांनी सुरी मागितली. डॉक्टरांनी ती मूठ पुढं करून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती चित्रावर ठेवली. डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून अंगठ्याच्या नखानं पात्याची कड आणि कागद एकत्र चाचपत मुठीपासून टोकापर्यंत गेले. टोकावर जरा थांबले.

"लाल रेघ दिसते का रे कुठं?"

मी वाकून पाहिलं. एकदा या बाजूनं, एकदा त्या.

"नाही मामा."

"मग झालं," ते म्हणाले. "ठेव पेटीत."